बोलामा

बोलामा : पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या देशाचे अटलांटिक किनाऱ्यावरील बेट व त्यावरील त्याच नावाचे गाव. बिजागोस द्वीपसमूहातील हे बेट मुख्य भूमीला सर्वांत जवळचे. समोरचे सांव जुआंव हे गाव आणि बेट यांच्यामध्ये अरुंद खाडी आहे. राजधानी बिसाऊ उत्तरेला सुमारे ४० किमी. वर आहे. किनारा सखल, खारफुटीचा. ओहोटीला चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. काजू हे मुख्य नगदी पीक असून भातशेती व मासेमारीही चालते.

१७९२ मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी फिलिप बीव्हर याच्या पुढाकाराने इंग्लंडहून सुमारे २७५ जण येथे वसायला निघाले. गुलाम न ठेवता मजुरी देऊन शेती करून दाखवायची, असा बेत होता. पण जमिनीची बोलणी व्हायच्या आतच काहीजण बेटावर उतरले. कान्याबाक बेटावरच्या बिजागो लोकांनी त्यांच्यावर हल्ला केला, काहींना ठार मारले व बायकामुलांना पकडून नेले. पुढे बीव्हरने बेट रीतसर विकत घेतले, तेही दोनदा : आधी बिजागो राजांकडून, मग मुख्य भूमीवरच्या बियाफादा राजांकडून. तापाने मात्र वसाहतीचा निकाल लावला. उरलीसुरली माणसे नोव्हेंबर १७९३ मध्ये निघून गेली.

वस्ती मोडली तरी ब्रिटनने तिच्या खरेदीखतांवरचा दावा सोडला नाही. १८६० मध्ये बेट सिएरा लिओन या ब्रिटिश वसाहतीला जोडल्याचे जाहीर झाले. पोर्तुगालने हरकत घेतली आणि लवाद म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांना नेमण्यात आले. त्यांनी २१ एप्रिल १८७० रोजी पोर्तुगालच्या बाजूने निकाल दिला. बिजागो आणि बियाफादा यांचे म्हणणे या वादात विचारात घ्यायचे कोणाला सुचले नाही. कृतज्ञ पोर्तुगीजांनी पुढे गावात ग्रँट यांचा पुतळा उभारला. २००७ मध्ये तो चोरीला गेला आणि नंतर त्याचे तुकडे हाती लागले.

१८७९ मध्ये पोर्तुगीज गिनी (आजचा गिनी-बिसाऊ) केप व्हर्दे या पोर्तुगीज बेटांच्या वसाहतीपासून वेगळी झाली व बोलामा तिची राजधानी बनली. १९३१ मध्ये इटलीचा हवाई मंत्री इतालो बाल्बो याचा सागरी विमानांचा ताफा येथूनच ब्राझीलला गेला. उड्डाणाच्या वेळी झालेल्या अपघातांतील मृतांचे स्मारक गावात आहे. राजधानी १९४१ मध्ये बिसाऊला हलली, तशी गावाची रया गेली. उंच खांबांच्या नगरसभागृहाची पडझड झाली आहे. पोर्तुगालने १९७४ च्या सप्टेंबरात गिनी-बिसाऊचे स्वातंत्र्य मान्य केले. गोव्याचे भारतातील विलीनीकरणही त्याने त्याच वर्षाअखेर मान्य केले. १९९६ पासून बोलामा-बिजागोस हे युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे.