टोपी, शपथ आणि दशांश: क्वेकरांच्या झगड्याची पार्श्वभूमी

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ. तो आणि तिथलं अधिकृत चर्च, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड, यांच्यातला वाद धर्मतत्त्वांचा होता, असं म्हटलं जातं. ते खरंच आहे, पण तो पेटला धान्याच्या राशीवरून. गावच्या पाद्र्याला पिकाचा दहावा हिस्सा देणं कायद्यानं बंधनकारक होतं. १६४० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या यादवी युद्धानंतर राजा गेला, बिशप गेले. दशांश मात्र सुटला नाही.

क्वेकर पंथाचा संस्थापक, विणकराचा मुलगा जॉर्ज फॉक्स नेमकं इथेच बोट ठेवत होता. देवाचा प्रकाश प्रत्येकाच्या आत आहे, मग पगारी मध्यस्थ कशाला? १६५० मध्ये डर्बीत त्याला ईशनिंदेबद्दल कैद झाली. 'देवाच्या शब्दापुढे थरथरा' असं त्यानं न्यायाधीशाला सुनावलं, आणि न्यायाधीशानं त्याला 'क्वेकर', म्हणजे थरथरणारा, ठरवलं. ते नाव कायमचं चिकटलं.

ही माणसं कुणापुढेही टोपी काढत नसत आणि लहानथोर सगळ्यांना एकेरीच हाक मारत. अहो-जाहोच्या आपल्या भाषेत वाढलेल्याला हे किती झोंबलं असेल, ते वेगळं सांगायला नको. शपथही ते घेत नसत, कारण येशूनंच ती नाकारायला सांगितलं होतं. राजेशाही परतल्यावर १६६२ च्या कायद्यानं हाच गुन्हा ठरला.

१६७० मध्ये लंडनमध्ये क्वेकरांच्या सभागृहाला टाळं लागलं, म्हणून क्वेकर विल्यम पेन रस्त्यावर उभा राहून बोलला आणि त्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. पेन आणि त्याचा सहआरोपी विल्यम मीड कोर्टात आले ते बोडक्या डोक्यानं, कारण आत येतानाच एका शिपायानं त्यांच्या टोप्या काढल्या होत्या. न्यायालयानं शिपायाकडून त्यांच्या डोक्यावर टोप्या चढवल्या आणि मग त्या काढल्या नाहीत म्हणून दंड केला! ज्यूरीनं दोषी ठरवायला नकार दिला, तेव्हा तिला दोन रात्री अन्नपाण्याविना कोंडलं. तरी ते बारा जण बधले नाहीत. निकालासाठी ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही, हे तत्त्व त्यांच्यातल्या एडवर्ड बुशेलच्या खटल्यातून आलं. मला या साऱ्या इतिहासात ते बारा जण सर्वांत मोठे वाटतात. क्वेकर नसूनही त्यांनी हे सोसलं.

१६८९ च्या सहिष्णुता कायद्यानं सभांना मोकळीक मिळाली. १६९६ मध्ये शपथेऐवजी साधं प्रतिज्ञापन चालू लागलं, पण त्याच कायद्यानं क्वेकरांकडून दशांश वसूल करणं सोपं करून ठेवलं. पुढची कित्येक दशकं वसुलीसाठी त्यांची गुरं, धान्य, घरातली भांडी उचलली जात राहिली, आणि क्वेकर सभा जप्त झालेल्या वस्तू किमतीसह वहीत टिपून ठेवत राहिल्या.