सटवीचा लेख

मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री सटवी (सटवाई) येऊन त्याच्या कपाळावर भविष्य लिहून जाते, हा समज व त्या रात्रीचे पूजन. ‘सटवी’ हे नाव ‘षष्ठी’वरून आले, हे बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो लिहिण्याचे काम तिच्याकडे कसे आले याचा.

महाभारताच्या वनपर्वात स्कंदपत्नी देवसेनेला षष्ठी म्हटले आहे. काश्यपसंहिता या बालरोगांवरील आयुर्वेदग्रंथात षष्ठीचा संबंध बालकांच्या रक्षणाशी येतो. या ग्रंथाचा काळ मात्र वादग्रस्त आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त ती सूतिकागृहात दिसते. या उल्लेखांत ती राखणदार आहे, लेखनिक नव्हे. बंगालमध्ये त्या रात्री लिहितो तो विधाता-पुरुष, आणि षष्ठी वेगळी. गुजरातेतही ‘छठीचे लेख’ विधात्याकडेच जातात. तेव्हा राखणारी आणि लिहिणारा ही दोन दैवते मराठी मुलखात एकरूप झाली असावीत, हे मत अधिक पटते. आयुष्य, कर्म, वित्त, विद्या व मरण ही पाचही गर्भातच ठरतात, असे एक प्रसिद्ध सुभाषित आहे. ते मानले तर सहाव्या रात्रीला लिहायला काही उरत नाही. लोकाचाराने हा पेच कधी मनावर घेतला नाही.

पूजा घराघरांत थोडी वेगळी. पाटा-वरवंटा धुऊन मांडतात, हळदकुंकू वाहतात. शेजारी कोरा कागद, लेखणी आणि रात्रभर पुरेल इतक्या तेलाचा दिवा. सकाळी कागद कोराच असतो, कारण लेख कपाळावर असतो आणि तो कुणाला वाचता येत नाही. नागपुरात आता बाळंतपणे दवाखान्यात होतात, त्यामुळे दिवस मोजताना घोळ होतो. मंगळवारी पहाटे तीनला जन्म झाला, तर दवाखान्याच्या कागदावर मंगळवार, पण पंचांगाने सूर्योदयापर्यंत सोमवारच. म्हणून सहावी रात्र शनिवारी येते. कागदावरून मोजणारे ती रविवारी धरतात. दिवा अंथरुणापासून लांब ठेवावा. थंडीत खोली बंद करून कोळशाची शेगडी लावू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

सहाव्या रात्रीची धास्ती उगीच नव्हती. अस्वच्छ विळ्याने नाळ कापली की धनुर्वाताचे जंतू शिरत. लक्षणे बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसत: दोन दिवस नीट दूध ओढणारे बाळ ओढेनासे होई, जबडा आवळे, अंग ताठे. गरोदरपणातील लस आणि निर्जंतुक पात्याने नाळ कापणे यांमुळे हा आजार आटोक्यात आला. २०१५ मध्ये भारतात माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले.

‘तेवढंच लिहून आणलं होतं’ हे वाक्य घडून गेल्यावरच बोलले जाते. मूल गेलेल्या आईच्या डोक्यावरचे ‘माझंच चुकलं’ हे ओझे त्याने हलके होते, आणि ही त्याची मोठी माया आहे. उपचाराआधी तेच म्हटले, तर मात्र घात होतो. याज्ञवल्क्यस्मृती दैवाला पूर्वजन्मीचा पुरुषकारच, म्हणजे माणसाचा प्रयत्नच, म्हणते आणि एका चाकाने रथ चालत नाही, तसे प्रयत्नावाचून नुसते दैव फळत नाही, असे बजावते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा देताना डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, हे मत त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) यात नाकारले. प्रतिज्ञा पाळणाऱ्या घरांत सटवीचे पूजन होत नाही. बाळाचे नाव ठेवताना त्रिसरण-पंचशील म्हणतात.