फळ्यासमोरचे सर आले कुठून?

जून संपत आला की आमच्या विदर्भातल्या शाळा उघडतात, बाकी महाराष्ट्राच्या नंतर, ऊन उतरल्यावर. आणि मग ट्रेनिंगमध्ये दरवर्षी तेच ऐकायला मिळतं की फळ्यासमोर उभं राहून शिकवणं ही इंग्रजांची पद्धत, कारकून घडवणारी, ती सोडा. नागपुरात प्राथमिकला शिकवते मी, हे इतक्यांदा ऐकलं की शेवटी नीट वाचत बसले, आणि माझं म्हणणं असं की हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात पोरांचा तोटा होतोय.

इंग्रजांच्या आधी आपल्याकडे पंतोजीच होते ना. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोठ्या पोरानं लहानाला सांगायचं, आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका सुरात परवचा. आमचे आजोबा नागपूरच्या महाल भागातले, त्यांना म्हातारपणीही सात सव्वा किती विचारलं की श्वास घ्यायच्या आत पावणेनऊ म्हणायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, अपूर्णांकांचे हे पाढे सगळे तोंडपाठ. त्यात छडीही होती आणि अर्थ न कळता घोकणंही होतं, ते नाकारत नाही मी. पण पोराचं तोंड दिवसभर उघडं असायचं, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

1789 च्या सुमारास अँड्र्यू बेल नावाचा पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. इथल्या गावठी शाळेत पोरं वाळूत बोटानं लिहिताना त्यानं बघितली आणि तेच आपल्या शाळेत सुरू केलं, शिकवायला मोठी पोरं. 1797 मध्ये त्यानं हे छापलं आणि इंग्लंडात ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. तिकडे लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरही असंच करत होता, एका हॉलमध्ये शेकडो पोरं, मास्तर एकच, बाकी सगळे मॉनिटर. म्हणजे जे आपण इंग्रजांचं म्हणतो त्यातलं थोडं आपल्याच धुळीतून तिकडे गेलेलं.

मग पोरगं गप्प कधी झालं?

मला वाटतं तपासनीस आल्यावर. 1854 च्या वुडच्या खलित्यानं, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षण धोरणाच्या पत्रानं, शाळांना सरकारी अनुदान आणि इन्स्पेक्टर दोन्ही दिले, त्याच वर्षी इकडे भोसल्यांचं नागपूरचं राज्य खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. हिस्लॉप या मिशनरी साहेबांची नागपुरातली शाळा त्याच्याही आधीची, 1846 ची. इंग्लंडात 1862 पासून तर पोरांच्या परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरायला लागलं आणि आपल्याकडेही काही प्रांतांत तसंच झालं. एकदा पैसा निकालाला बांधला की मास्तर बोलणार, पोट्टे ऐकणार आणि तपासणीच्या दिवशी तेवढंच म्हणून दाखवणार, दुसरं काय होणार.

त्यात भर पडली हर्बार्ट या जर्मन विचारवंताच्या पंचपदीची, म्हणजे धडा शिकवायच्या पाच पायऱ्यांची. हर्बार्ट स्वतः 1841 मध्येच वारला, त्या पायऱ्या नीट बसवल्या झिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी. पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. मूळ विचार फार चांगला, की पोराला आधी जे येतं त्यालाच नवीन जोडायचं. पण आमच्या डीएडच्या पाठ टाचणात त्याचे रकाने झाले. माझ्या सराव पाठाला एका मुलीनं मधेच चांगला प्रश्न विचारला, मी तिच्यापाशी थांबले, आणि मागच्या बाकावरच्या निरीक्षकांनी वहीत लिहिलं, 'प्रस्तावना लांबली'. ती वही अजून आहे माझ्याकडे.

याला एक मोठा विरोध नागपूरपासून जेमतेम 75 किलोमीटरवर झाला. ऑक्टोबर 1937, वर्धा, गांधीजींची शिक्षण परिषद आणि मग झाकिर हुसेन समिती, हातातल्या कामातून शिक्षण म्हणजे नई तालीम. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे नाही मावणार.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते अमेरिकेतलं. 1964 च्या आसपास इलिनॉयमध्ये सिगफ्रीड एंगेलमन आणि कार्ल बेरायटर यांनी गरीब घरच्या लहान पोरांसोबत सुरू केलेलं काम, त्यालाच पुढे डायरेक्ट इन्स्ट्रक्शन नाव पडलं. यात मास्तर भाषण देत नाही. धड्याचा शब्द न् शब्द आधी लिहिलेला, तुकडा अगदी छोटा, मास्तर खूण करतो आणि सगळे एकदम उत्तर देतात, चूक ऐकू आली की तिथेच थांबून दुरुस्ती, आणि गट वयानं नाही तर येण्या-न-येण्यावरून. 1968 मध्ये तिथल्या सरकारनं प्रोजेक्ट फॉलो थ्रू काढला, वेगवेगळ्या पद्धतींची तुलना केली, 1977 च्या निकालात वाचन-गणिताच्या मूलभूत कौशल्यांत ही पद्धत पुढे निघाली आणि पोरांचा आत्मविश्वासही घटला नव्हता. पुढच्याच वर्षी त्या तुलनेवर जोरदार टीकाही झाली आणि वाद अजून मिटलेला नाही, पण शिक्षक समोर आणि पोरगं गप्प, असं ते चित्र नव्हतंच.

आपल्याकडे 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, मग आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा, मग 22 जून 2015 चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर, ज्ञानरचनावादाचा, म्हणजे पोरानं स्वतः करून शिकण्याचा, जोर, वर्गातल्या फरशीवर तक्ते रंगवले गेले. त्यातलं खूप काही मी मनापासून वापरते, काड्यांचे गठ्ठे तर रोज. पण समोर उभं राहून सांगणं म्हणजे पाप असं वातावरण झालं ते मला पटत नाही.

मागच्या वर्षी तिसरीत हातच्याची वजाबाकी. 52 वजा 28, अर्ध्या वर्गाचं उत्तर 36, कारण आठातून दोन काढले. काड्या देऊन झाल्या, गटात बसवून झालं, 36 काही हलेना. शेवटी फळ्यासमोर उभी राहिले, एक गणित मी मोठ्यानं बोलत केलं, दुसरं सगळ्यांनी मिळून, दर पायरीला माझा हात खाली आला की एका आवाजात. दोनातून आठ जातात का? नाही! मग कोणाकडे जायचं? दशकाकडे! शेवटच्या बाकावरून एक आवाज जरा उशिरा यायचा, मी तीच पायरी परत घ्यायची. चौथ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी आला, आणि पाटीवर 24 होते.