हायडेटिड सिस्ट: मुलांच्या ट्रीटमेंटमागची गोष्ट

एका मुलाला नुसत्या गोळ्या, दुसऱ्याचं थेट ऑपरेशन आणि तिसऱ्याला "काही करू नका, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा", आजार मात्र एकच: हायडेटिड सिस्ट, म्हणजे कुत्र्यातल्या जंतामुळे लिव्हरमध्ये नाहीतर फुफ्फुसात होणारी पाण्याची गाठ. आईबाप गोंधळतात यात नवल नाही.

पाण्याने भरलेल्या लिव्हरचा उल्लेख हिपोक्रेटिसच्या काळच्या ग्रीक लिखाणातही आहे, पण हे जंताचं काम आहे हे पक्कं कळायला 1850 चं दशक उजाडलं. सीबोल्ड नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सिस्टमधला ऐवज कुत्र्यांना खाऊ घातला आणि त्यांच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटरचे टेपवर्म सापडले. म्हणजे कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर, ती मेंढीच्या नाहीतर माणसाच्या पोटात, आणि मेंढीचं लिव्हर-फुफ्फुस कुत्र्याने खाल्लं की परत पहिल्यापासून. पुढे 1863 मध्ये डेन्मार्कचे क्राबे आइसलँडला गेले, तिथल्या कुत्र्यांमध्ये हा जंत भरपूर निघाला, मग घरोघर पुस्तिका वाटून लोकांना सांगितलं गेलं आणि कालांतराने तिथून हा आजार जवळपास हद्दपार झाला. हे सगळं औषध नसताना बरं का!

औषध नव्हतं म्हणून ऑपरेशन, आणि तिथेच खरी भीती. सिस्टमधलं पाणी पोटात सांडलं तर जबरदस्त ॲलर्जी होऊन जीवावर बेतू शकतं, शिवाय त्यातल्या जंताच्या एकेका सूक्ष्म डोक्यातून नवी सिस्ट वाढू शकते. म्हणून सर्जन सिस्टच्या आत जंत मारायला फॉर्मॅलिन हे रसायन घालायचे, पण सिस्ट पित्तनळीला जोडलेली असली तर ती नळीच भाजून निघायची, मग फॉर्मॅलिन मागे पडलं आणि तीव्र मिठाचं पाणी वगैरे आलं. मुलांचं अजून एक वेगळं, त्यांचं फुफ्फुस लवचिक असल्यामुळे सिस्ट तिथे भराभर मोठी होते आणि तरी मूल खेळत असतं, कधीकधी ती श्वासनळीत फुटते आणि खोकल्यातून खारट पाणी आणि पांढरे पापुद्रे पडतात तेव्हाच घरच्यांना कळतं. अशा वेळी फुफ्फुसाचा भाग कापून काढण्यापेक्षा फक्त सिस्ट काढायची, हे मुलांच्या बाबतीत नीट रुजलं.

1970 च्या दशकात मेबेंडाझोल हे जंतावरचं औषध आलं पण ते आतड्यातून फारसं शोषलंच जायचं नाही, नंतरचं अल्बेंडाझोल बरंच सरस, तेही तुपकट जेवणाबरोबर घेतलं तर. माझ्या मते मात्र खरा बदल सोनोग्राफीने केला. 1981 मध्ये ट्युनिशियाच्या घर्बी यांनी सिस्ट कशी दिसते यावरून प्रकार पाडले आणि 1980 च्या दशकातच सुईने पाणी काढून, आत औषध सोडून परत ओढून घ्यायची पद्धत आली, तिला पेअर म्हणतात. 2003 मध्ये डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञगटाने प्रकार ठरवून दिले, त्यावरून लिव्हरमधल्या छोट्या सिस्टला गोळ्या, मेलेल्या दगडासारख्या सिस्टवर नुसती नजर. फुफ्फुसात मात्र पेअर करत नाहीत, आणि तिथल्या मोठ्या सिस्टला ऑपरेशनआधी गोळ्या द्यायलाही बरेच सर्जन कचरतात, कारण भिंत कमकुवत होऊन ती आतच फुटायची भीती.