आवाजाचे घड्याळ आणि वाचकाचा अंगठा

मोबाइलवरच्या कॉमिकमध्ये समुद्राची गाज ऐकू आली किंवा बोट लावताच पात्राने मान वळवली, की 'अ‍ॅनिमेशन फिल्म करायला पैसे पुरले नाहीत म्हणून केलेले काम' असा शेरा हमखास येतो. उलट, चित्रकथेला आवाज ही मोबाइलचीच देणगी आहे असे मानणारेही पुष्कळ आहेत. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीला जाऊन आले तरी गळून पडते. तिथले ठाकर आदिवासी कलावंत रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवून त्यांच्या पोथ्या करतात आणि एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने कथा सांगतात. ही चित्रकथी परंपरा टिकवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. या परंपरेतली एक गोष्ट तंत्राच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. चित्र केव्हा बदलायचे हे कथा सांगणारा ठरवतो आणि आवाजही त्याच्याकडूनच येतो. त्यामुळे एखादे चित्र लांबले, तर गाणेही तेवढेच लांबते.

छापील कॉमिकमध्ये हा अधिकार वाचकाकडे असतो. एका चौकटीवर तो अर्धा सेकंद थांबेल किंवा अर्धा मिनिट रेंगाळेल, आणि दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले ते स्वतःच्या मनाने भरून काढील. कॉमिककार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिकच्या व्याकरणाची मांडणी केली, तेव्हा या कोऱ्या पट्टीला फार मोठे स्थान दिले होते. चित्रपटात मात्र घड्याळ यंत्राचे असते आणि सेकंदाला २४ चित्रे या गतीने ते प्रेक्षकाची वाट न पाहता पुढे जाते. डिजिटल कॉमिकची खरी अडचण या दोहोंच्या मध्ये आहे. थांबवलेले चित्र चित्रच राहते, पण थांबवलेला आवाज उरतच नाही. आवाज घातला की त्याचे घड्याळ आले, आणि वाचकाचा अंगठा ते घड्याळ मानत नाही. आवाज घालावा की न घालावा यापेक्षा तो या अंगठ्याच्या मागे चालायला कसा लावावा, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

हा खटाटोप करावा तरी कशासाठी, याचे उत्तर एका साध्या प्रयोगात आहे. पडद्यावर दोन ठिपके समोरासमोरून येतात, एका बिंदूवर एकमेकांवर चढतात आणि पुढे निघून जातात. आवाज नसताना बहुतेकांना ते एकमेकांतून आरपार गेल्यासारखे दिसतात. ते एकत्र येतात नेमक्या त्या क्षणी एक बारीकसा 'टक' ऐकवला, तर तेच ठिपके आदळून मागे फिरल्यासारखे दिसण्याचे प्रमाण बरेच वाढते. रॉबर्ट सेक्युलर आणि सहकाऱ्यांनी हे १९९७ साली प्रसिद्ध केले. चित्रात काडीचाही बदल झालेला नसतो, तरी दिसणारी घटना बदलते. चित्र दोन अर्थांना वाव देत असेल, तर कोणता अर्थ धरायचा ते ठरवताना मेंदू कानाचीही साक्ष काढतो. दोन चौकटींमधली कोरी पट्टी ही तर मुद्दाम राखलेली संदिग्धताच आहे. पहिल्या चौकटीत उचललेले वल्हे आणि दुसरीत रिकामी होडी असेल, तर मध्ये 'डुबुक' वाजणे आणि 'खाड' वाजणे यांतून दोन वेगळ्या गोष्टी तयार होतात.

मात्र कानाची साक्ष वेळेवर यावी लागते. दूरचित्रवाणीसाठी १९९८ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला की विसंगती जाणवू लागते, पण तो मागे राहिला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. ही असमानता निसर्गाशी जुळणारी आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि त्या मानाने प्रकाशाला वेळ लागतच नाही असे म्हणता येते. खाडीच्या पलीकडे १७० मीटरवर कोणी होडीला खिळे ठोकत असेल, तर हातोडी खाली आलेली दिसते आणि ठोका अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो. निसर्गात आवाज नेहमी उशिराच येतो, आधी कधीच येत नाही. म्हणून उशिराला मेंदू सूट देतो आणि घाईला देत नाही.

मोबाइलमध्ये हा उशीर साखळीने साठत जातो. बऱ्याच फोनांचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र काढतो, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. ब्राउझरमधली ध्वनियंत्रणा १२८ नमुन्यांच्या (म्हणजे लहरीच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मापांच्या) तुकड्यांत हिशेब करते, आणि सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर असा तुकडा २.९ मिलिसेकंदांचा भरतो. इथवर ठीक आहे. पण कानात ब्लूटूथचे बिनतारी इअरफोन असतील, तर एकट्या त्यांचाच उशीर सहज १०० ते २०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. चित्रपट दाखवणारे अ‍ॅप चित्र तेवढेच मागे ठेवून मेळ साधते. कॉमिकमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण अंगठा कोणत्या क्षणी कुठे टेकणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते, आणि टेकल्यावर चित्र हलायला उशीर झाला तर वाचकाला फोन अडकल्यासारखा वाटतो. म्हणून स्पर्शासरशी वाजणारे टोकदार आवाज जपून वापरावेत आणि भर पार्श्वभूमीच्या, कडा मऊ असलेल्या आवाजांवर ठेवावा, असे माझे मत आहे.

हे मऊ आवाज अंगठ्याशी कसे बांधतात, हा या साऱ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. समजा, कथा किनाऱ्यावर सुरू होते आणि पान वर सरकवत गेले की आपण सुपारीच्या बागेत शिरतो. वर समुद्राची गाज आहे आणि खाली रातकिड्यांची किरकिर. मधल्या पट्ट्यात एक आवाज मावळत जायला हवा आणि दुसरा उगवत. पान त्या पट्ट्यात कितपत सरकले आहे ते ० ते १ या आकड्यात मोजले, तर सुचणारा सरळ उपाय असा की गाजेची पातळी १ वरून ० कडे आणि रातकिड्यांची ० वरून १ कडे सारख्या गतीने न्यावी. हा उपाय फसतो. बरोबर मध्यावर दोन्ही आवाज ०.५ पातळीवर असतात, आणि ध्वनीची शक्ती पातळीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे प्रत्येकाची शक्ती ०.२५ उरते. बेरीज ०.५ होते, म्हणजे निम्मी शक्ती, अर्थात ३ डेसिबेलची घट. वाचकाला आकडा कळत नाही, पण किनारा आणि बाग यांच्या मध्ये एक पोकळ खड्डा लागल्याचे कानाला जाणवते.

यावरचा उपाय दहावीच्या त्रिकोणमितीत आहे. सरकण्याचा आकडा ० ते ९० अंशांच्या कोनात बदलायचा, मावळत्या आवाजाला त्या कोनाची कोज्या (कोसाइन) आणि उगवत्याला ज्या (साइन) द्यायची. मध्यावर, ४५ अंशांना, दोन्ही पातळ्या ०.७०७ येतात. त्यांचे वर्ग प्रत्येकी ०.५ आणि बेरीज १. ज्या-वर्ग अधिक कोज्या-वर्ग हे नेहमीच १ असल्यामुळे अंगठा कुठेही थांबला तरी एकूण शक्ती तेवढीच राहते. मात्र यात एक अट आहे. दोन आवाजांचा एकमेकांशी संबंध नसावा, म्हणजे त्यांच्या लहरींचे चढउतार एकमेकांशी जुळणारे नसावेत. एकच ध्वनिमुद्रण दोन्हीकडे असेल आणि लहरी तंतोतंत जुळत असतील, तर शक्तीची नाही, पातळीचीच बेरीज होते. मग ०.७०७ च्या दुपटीने १.४१४ होऊन मध्यावर ३ डेसिबेलचा उंचवटा येतो. अशा ठिकाणी आधीचा सरळ उपायच बरोबर ठरतो.

एवढ्याने काम संपत नाही. पडद्याकडून अंगठ्याची जागा सेकंदाला ६० वेळा कळते आणि आवाज मात्र ४४,१०० नमुन्यांनी बनतो. पातळी दर वेळी एकदम नव्या आकड्यावर नेली, तर लहरीत ६० बारीक पायऱ्या पडतात आणि त्या खरखरीच्या रूपाने ऐकू येतात. म्हणून प्रत्येक बदल २०-३० मिलिसेकंदांवर पसरवून उतरता करावा लागतो. कोणी पान झपकन भिरकावले, तर आवाजाने त्याच वेगाने उडी न मारता किंचित मागे रेंगाळावे, हेही इथेच ठरवता येते. त्या रेंगाळण्याला कान सूट देतो, कारण खाडीपलीकडच्या हातोडीपासून त्याला उशिराची सवय आहेच.

वाचक एका चौकटीवर किती वेळ थांबेल हे माहीत नसल्याने गाज अखंड वाजायला हवी, म्हणजेच तिचे मुद्रण फेरा धरून फिरायला हवे. एमपी३ मध्ये ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या तुकड्यांत साठवला जातो, आणि तो साठवताना सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता भरली जाते. तिची काळजी घेतली नाही, तर प्रत्येक फेऱ्याला गाज क्षणभर अडखळते. शिवाय फुटणाऱ्या लाटेतली एखादी खूण कान पकडतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला 'हीच ती लाट' हे ओळखतो. यावर एक सुंदर, स्वस्त युक्ती आहे. १७ सेकंदांचा एक आणि २३ सेकंदांचा एक असे दोन फेरे एकाच वेळी सोडायचे. या दोन्ही मूळ संख्या असल्याने त्यांचा तोच जोड ३९१ सेकंदांनी, म्हणजे साडेसहा मिनिटांनी परत येतो, आणि तितका वेळ एका चौकटीवर कोणी थांबत नाही.

वाचकाचे घड्याळ मुद्दाम हिसकावून घेण्याचेही एक तंत्र आहे. कोरियन चित्रकार होरांग यांच्या २०११ मधल्या भयकथेत वाचक पान सरकवत असताना एका जागी ते आपोआप झपाट्याने सरकते आणि आवाजासह चित्र अंगावर येते. मोठा आणि काही मिलिसेकंदांतच टोकाला पोहोचणारा आवाज कानाच्या नसेतून मेंदूच्या खालच्या देठात जातो आणि तिथून मोजक्याच चेतापेशींच्या वाटेने थेट स्नायूंना हुकूम सुटतो. ३० ते ५० मिलिसेकंदांत पापणी मिटू लागते, आणि 'काय झाले' हे त्यानंतर कळते. रात्री बागेत झावळ कोसळली की हेच होते. शरीर आधी दचकते, मन नंतर कारण शोधायला निघते आणि कोकणात त्या जागी देवचार, म्हणजे जागेचा राखणदार आत्मा, तयारच उभा असतो. होरांग यांची युक्ती साधते ती मात्र आधीची सगळी पाने वाचकाच्या ताब्यात होती म्हणून. तिसऱ्यांदा असेच हिसकावले, तर वाचक फोनचा आवाज बंद करून मोकळा होतो.

स्पर्शाचेही आवाजासारखेच आहे. खेकड्यावर बोट ठेवले की तो उडी मारतो, ही करमणूक झाली, त्यातून कथा पुढे जात नाही. रापणीची चौकट घ्या. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडलेले आहे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातांत आहेत. इथे 'पुढे' असे बटण न देता वाचकाला दोरच आपल्याकडे ओढायला लावला, आणि सुरुवातीला बोट एक सेंटिमीटर सरकले की दोरही एक सेंटिमीटर येतो, पण जाळे जवळ येईल तसे त्याच एका सेंटिमीटरसाठी बोट तीन सेंटिमीटर ओढावे लागते असे केले, तर गुळगुळीत काचेवर जाळ्याचे वजन जाणवू लागते. डोळ्यांना दिसणारी गती आणि हाताची गती यांतल्या फरकाचा अर्थ मेंदू 'भार' असा लावतो. हा आभासी स्पर्श २००० च्या सुमारास अनातोल लेकुये आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवला. त्यात दोराची करकर ओढीच्या वेगाशी बांधली, म्हणजे बोट थांबले की तीही थांबली, तर आवाजाला स्वतःचे घड्याळच उरत नाही.

वाचकाला कथेचा फाटा निवडू देणे हा याहून गाजलेला प्रकार, पण त्याच्याविषयी मला फारसा उत्साह नाही. दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय ठेवले तर १,०२४ वाटा होतात, तेवढी चित्रे कोणी काढत नाही आणि बहुतेक फाटे पुढच्याच वळणावर गुपचूप एकत्र येतात. अशी कॉमिके शाळांना विकताना 'वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के आणि स्वतः केलेले ९० टक्के लक्षात राहते' हा तक्ता दाखवला जातो, त्यावरही विश्वास ठेवू नये. तो शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर खपवला जातो, पण त्यांच्या १९४६ च्या 'अनुभवाचा शंकू' या मूळ आकृतीत टक्केवारी नाहीच.

हे सगळे शेवटी साध्या फोनवर आणि चालत्या गाडीत चालायचे असते. एक मिनिटाचा आवाज फाइलमध्ये साधारण १ एमबी जागा घेत असला, तरी वाजवण्यासाठी ब्राउझरने तो पूर्ण उलगडून ठेवला की डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचे मिळून सुमारे २१ एमबी होतात. असे दहा तुकडे एकदम उलगडले, तर स्वस्त फोन धापा टाकू लागतो. उलट, गरज पडेल तसे नेटवरून आणायचे म्हटले, तर कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात गाज मध्येच तुटण्याची भीती असते. म्हणून चालू प्रसंग आणि पुढचा प्रसंग एवढेच आवाज हाताशी ठेवून मागचे सोडून द्यावे लागतात.

गाडीत आवाज बंद ठेवून वाचणारे आणि ऐकू न येणारे वाचकही असतात. त्यांच्यासाठी 'धाडकन', 'खळाळ', 'सूंऽऽ' ही चित्रात रेखलेली अक्षरे आवाज घातल्यावरही काढून टाकू नयेत. तसे पाहता पहिली चौकट सर्वांसाठी मुकीच असते, कारण २०१८ पासून क्रोमसारखे ब्राउझर वाचकाने एकदा तरी स्पर्श केल्याशिवाय पानाला आवाज काढू देत नाहीत. त्यासाठी बहुतेक जण 'आवाज सुरू करा' अशी पाटी लावतात. त्याऐवजी काठाला बांधलेल्या होडीचा दोर सोडणे हाच कथेतला पहिला स्पर्श ठरवला, तर त्याच स्पर्शात ब्राउझरची परवानगीही मिळून जाते.