गाव नकाशा आणि संरक्षित क्षेत्रांचे अंकन (महाराष्ट्र)

गावातला प्रत्येक गट किंवा सर्व्हे नंबर दाखवणारा भूमापन नकाशा आणि वन, किनारा, पूररेषा, पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र यांच्या सीमा एकावर एक बसवण्याचे काम. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली विकास योजना तयार करताना आधी जमिनीचा चालू वापर पाहून त्याचा नकाशा करावा लागतो, आणि हे काम तेथूनच सुरू होते. पर्यावरणाचे कायदे ‘वन’, ‘भरतीरेषेपासून इतके मीटर’ या भाषेत बोलतात. बिनशेतीचा अर्ज करणारा माणूस मात्र गट नंबर घेऊन येतो. या दोन भाषांची सांगड गाव नकाशावरच घालावी लागते, आणि अडचणीही तेथेच उभ्या राहतात.

गाव नकाशा निसर्गासाठी काढलेला नाही, शेतसाऱ्यासाठी काढलेला आहे. मुंबई इलाख्यात प्रिंगल यांची आधीची मोजणी फसल्यावर १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी नव्याने काम हाती घेतले, आणि पुढे तीच पद्धत रूढ झाली. मोजणी शंकू (काटकोन साधण्याचे साधन) आणि साखळी यांनी होई. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. भूमि अभिलेख कार्यालयात जुने टिपण, म्हणजे एका शेताच्या मोजणीचा मूळ कागद, पाहायला मिळाले, तर ही पद्धत लगेच उमगते. मधून एक सरळ रेघ गेलेली असते, तिच्या दोन्ही अंगांना बांधाच्या कोपऱ्यांपर्यंत लंब काढलेले असतात, आणि प्रत्येक लंबावर साखळी-आण्यांत आकडा लिहिलेला असतो. अक्षांश-रेखांश कोठेच नसतात. शेताचा आकार नेमका कळतो. ते पृथ्वीच्या पाठीवर कोठे आहे, हे विचारण्याचे तेव्हा कोणाला कारण नव्हते.

अशी टिपणे जोडून बहुधा वीस साखळ्यांस एक इंच, म्हणजे १:७९२० या प्रमाणावर गाव नकाशा तयार होई. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याने बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट आले. जेथे योजना लागूच झाली नाही, तेथे आजही सर्व्हे व हिस्सा नंबर चालतात. जुनी फेरफार नोंद एका नंबरावर, आजचा सातबारा दुसऱ्यावर आणि वनखात्याची अधिसूचना पहिल्यावर, असे असले की आराखडा करणाऱ्याचे पहिले काही आठवडे नंबर जुळवण्यातच जातात. ओढे, नाले, खडक यांना या व्यवस्थेत जागा होती, पण ती ‘पोटखराबा’ म्हणून: ज्यावर सारा बसत नाही अशी जमीन. पाणथळ जागा म्हणून त्यांची नोंद करावी, असा विचार त्या दप्तरात नव्हता.

संरक्षणाच्या रेषा वेगवेगळ्या हातांनी आखलेल्या असतात. नदीकाठी जलसंपदा विभाग निळी व लाल पूररेषा ठरवतो. निळी रेषा ढोबळमानाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. अभयारण्यांभोवतीचे संवेदनशील क्षेत्र केंद्र सरकार अधिसूचित करते. महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) ही गिरिस्थाने म्हणून अधिसूचित झालेली क्षेत्रे. किनाऱ्यावर १९९१, २०११ आणि २०१९ अशा किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) तीन अधिसूचना आल्या. ग्रामीण किनाऱ्यावर चौरस किलोमीटरमागे २,१६१ पेक्षा अधिक वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, नसेल तर २०० मीटर ना-विकास पट्टा, ही वाटणी २०१९ च्या अधिसूचनेतली. स्थानिक वापरासाठी या रेषा १:४००० च्या भूमापन नकाशावर उतरवणे अपेक्षित असते.

प्रमाणाचा हा आकडा कोरडा वाटतो, पण बहुतेक तंट्यांचे मूळ त्यातच असते. कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ १:४००० वर जमिनीवर दोन मीटर होते आणि १:७९२० वर सुमारे चार. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशावर तीच रेघ पंचवीस मीटर व्यापते. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा एका बाजूने साधारण ३२ मीटर भरतो. म्हणजे रेघेच्या नुसत्या जाडीखाली त्याचे पाऊण अंग जाते. संगणकावर नकाशा कितीही मोठा करून पाहिला, तरी मूळ अचूकता वाढत नाही, फक्त रेघ बारीक दिसू लागते. पडद्यावर बोट ठेवून ‘तुमचा गट आत आहे’ असे सांगणे म्हणूनच धोक्याचे. रेषेलगतच्या गटात प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही.

दोन्ही नकाशे एकमेकांवर बसवण्यासाठी आधी गाव नकाशाला अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. मूळ कागद दमटपणाने आकसलेला, घडीवर विरलेला असतो. तो स्कॅन केल्यावर नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे सापडतील असे बिंदू शोधतात. तिवडा, म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात तेथला दगड, यासाठी सर्वांत भरवशाचा. त्यानंतर जुन्या विहिरी, देवळे, शिवेचे दगड. बांध त्यामानाने बेभरवशाचा, कारण नांगराच्या फाळाने तो दरवर्षी थोडा सरकतो. आता ईटीएस (अंतर व कोन मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) आणि रोव्हर (उपग्रहावरून स्थान घेणारे यंत्र) यांनी बिंदूचे स्थान काही सेंटिमीटरांपर्यंत मिळते. गावठाणांचे मोठे काम ड्रोनने झाले. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे त्याचा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व ही गावठाण-मोजणीची योजना सुरू झाली. मात्र नव्या यंत्राने मोजलेली सीमा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या टिपणाशी जुळली नाही, तर खरी कोणती, हे यंत्र सांगत नाही.

पश्चिम घाटाचा कोणता भाग संवेदनशील धरायचा, हा वाद नकाशाच्या एककावरच येऊन थांबला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात घाट अक्षांश-रेखांशांच्या पाच मिनिटे बाय पाच मिनिटांच्या चौकटींत मांडला. एक चौकट साधारण नऊ किलोमीटर लांब-रुंद. अभ्यासाला ही चौकट सोयीची, पण कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात ती नाही. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये गाव हे एकक धरले: गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र संवेदनशील असेल, तर ते गाव यादीत. मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले, आणि महाराष्ट्रातली दोन हजारांहून अधिक गावे त्यांत आहेत. गावाची यादी कोणालाही वाचता येते, हा तिचा फायदा. पण डोंगराचे रान आणि खालची भातखाचरे एकाच शिक्क्याखाली येतात, आणि शेजारचे १८ टक्क्यांचे गाव, तेथली देवराई कितीही दाट असली तरी, पूर्ण बाहेर राहते. गटनिहाय अंकन हा यावरचा उघड उपाय आहे. तो खर्चिक आणि वेळखाऊ आहे, म्हणून टाळला जातो, एवढेच.

नोंद आणि जमीन यांची फारकत दोन्ही दिशांनी होते. विदर्भात ‘झुडपी जंगल’ ही महसुली दप्तरातली जुनी नोंद. त्यांतल्या कित्येक जागांवर वस्त्या, शाळा, कार्यालये उभी आहेत, तरी सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वन म्हणूनच धरल्या आणि १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी वेगळी वाट ठेवली. रायगडच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या सखल भातपट्ट्यात, याच्या उलट घडते. खारबांध फुटतो, भरतीचे पाणी भातशेतीत शिरते, दुरुस्ती रेंगाळते आणि काही वर्षांत तेथे कांदळवन उभे राहते. सातबाऱ्यावर मालकाचे नाव आणि भातजमीन तशीच राहते. उपग्रहाच्या छायाचित्रात मात्र कांदळवन दिसते, आणि ते १,००० चौरस मीटरांहून मोठे असेल तर त्याभोवती आणखी ५० मीटरांचा पट्टा धरावा लागतो. जमीन खाऱ्या पाण्यात गेली याची भरपाई नाही आणि आता तिला हातही लावता येत नाही, ही तेथल्या शेतकऱ्याची तक्रार नकाशा चुकल्याची नाही. नकाशा बरोबरच आहे.

वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक दाव्यांसाठी गावेच आपल्या वापराची सीमा दाखवतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. येथे सीमेचा पुरावा म्हणून सरकारी नकाशाबरोबर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो: या नाल्यापासून त्या टेकडीच्या धारेपर्यंत आमचा बांबू, पलीकडे शेजारच्या गावाचा. सोबत जीपीएस घेऊन चालणारा कार्यकर्ता ती वाट नोंदवत जातो, आणि दोन गावांचे जबाब जुळले नाहीत तर दोन्ही गावची माणसे त्या नाल्यावर उभी राहून पुन्हा चालतात.