मधुमेही महिलांचे आधारगट (मुंबई)

मधुमेह असलेल्या महिलांनी ठरलेल्या दिवशी जमून आजार सांभाळण्याची रोजची कामे एकमेकींकडून शिकणे, अडचणीत एकमेकींना धरून राहणे आणि गरज पडेल तेव्हा दवाखान्यात सोबत जाणे, अशी ही पद्धत आहे. शिकवणारी आणि शिकणारी दोघीही मधुमेहीच असतात. गट चालवणारीला या नोंदीत ‘सखी’ म्हटले आहे. औषध निवडणे आणि मात्रा बदलणे ही कामे डॉक्टरांची. सखीने त्यांत हात घालू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २००७ मध्ये मधुमेहींनी एकमेकांना आधार देण्याच्या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली होती. अमेरिकेत २००८ मध्ये ‘डायबेटिससिस्टर्स’ ही संस्था मधुमेही महिलांसाठी सुरू झाली. केरळमध्ये मधुमेहाचा धोका असलेल्या १,००७ व्यक्तींवर मोठी चाचणी झाली. तिथे गटांमुळे आहार आणि मद्यपान यांत सुधारणा दिसली, पण दोन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ठामपणे घटले असे म्हणता आले नाही. गटाकडून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे त्यावरून ओळखावे.

‘वेळेवर जेवा, चाला, पाय जपा’ एवढे डॉक्टर सांगतात. लालबागच्या चाळीत किंवा गोवंडीच्या वस्तीत ते जमवायचे कसे, हा प्रश्न उरतोच. घरची बाई शेवटी जेवते. शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन रात्री आठला घेतले आणि ताट साडेदहाला पुढ्यात आले, तर मधल्या वेळात शुगर उतरते. उरलेला भात संपवणेही तिच्याच वाट्याला, म्हणून सकाळी शुगर चढलेली दिसते. यावर गटांत सुचवला जाणारा उपाय साधा आहे: आपले ताट आधी वाढून बाजूला ठेवायचे, औषधाची वेळ स्वतःच्या पहिल्या घासाशी बांधायची आणि इतरांना नंतर वाढायचे. सासूबाईंसमोर हे करायला धीर लागतो. तो डॉक्टरच्या चिठ्ठीतून येत नाही, तसे करून पाहिलेल्या शेजारणीकडून येतो.

गटात दहा-बारा जणी पुरतात. दुपारची कामे आटोपल्यावर आणि मुले शाळेतून यायच्या आत, समाजमंदिरात किंवा बालवाडीत दीड तास बसायचे. सुरुवातीला शुगरच्या नोंदवह्या पाहाव्यात, मग एकच विषय घ्यावा आणि निदान अर्धा तास मोकळ्या बोलण्यासाठी ठेवावा. कोणाचाही शुगरचा आकडा मोठ्याने वाचू नये. आकड्यांची चढाओढ लागली की वाढलेली शुगर लपवली जाते आणि ती बाई पुढच्या वेळी येत नाही. बचत गटाला जोडून बैठक घेणे सोयीचे असते, पण कर्जाचा हिशेब आणि आजाराची गुपिते एकाच वेळी मांडायला बायका कचरतात.

ग्लुकोमीटर (शुगर मोजायचे यंत्र) सगळ्यांत एक चालेल, मात्र दोन वापरांमध्ये तो जंतुनाशकाने पुसून घ्यावा. बोट टोचायची सुई आणि ती बसवायचे पेन प्रत्येकीचे वेगळे हवेत. सुई बदलून पेन तेच ठेवले, तरी रक्तातून कावीळ पसरू शकते. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत साठवाव्यात. ओल्या कचऱ्यात गेलेली सुई सफाई कामगाराच्या हाताला लागते.

इन्सुलिनमधली सर्वांत घातक चूक सिरिंजची असते. भारतात कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे आणि इन्सुलिन पेनमध्ये बसवायच्या कार्ट्रिजमधले १०० युनिटचे मिळते. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल टोपीच्या ४० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढले, तर पोटात ५० युनिट जातात. उलट, ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपीच्या १०० च्या सिरिंजमध्ये घेतले, तर २० ऐवजी ८ च मिळतात. सखीने दोन्ही सिरिंज समोर ठेवून, पाणी भरून हे दाखवावे. नुसते सांगून लक्षात राहत नाही.

पाळी जाण्याच्या वयात अंगातून वाफा येतात, घाम फुटतो, छातीत धडधडते. शुगर उतरल्यावरही हेच होते. म्हणून शक्य असेल तेव्हा आधी तपासावे. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. पेढा किंवा बिस्कीट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोजची (पचनात साखर सुटी व्हायला उशीर लावणारी) गोळी चालू असेल तर साधी साखरही उशिरा लागू पडते. अशांनी ग्लुकोज पावडरची पुडी पर्समध्ये ठेवावी. लोकल दोन स्टेशनांमध्ये अडकली की तिचाच आधार असतो.

लघवीच्या तक्रारी पुरुष डॉक्टरांपुढे बोलल्या जात नाहीत, गटात त्या पहिल्या तासात निघतात. स्वच्छतागृहाच्या भीतीने बायका पाणीच कमी पितात आणि शुगर वाढलेली असताना संसर्ग बळावतो. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांनी योनीमार्गात बुरशीची खाज येऊ शकते. हे ठाऊक नसलेली बाई लाजेने गोळीच बंद करते. मुंबईत २०११ पासून चाललेली ‘राइट टू पी’ ही महिलांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहे मागणारी चळवळ मधुमेही बाईच्या फार जवळची आहे, ती याचमुळे.

उपवासावर एक पूर्ण बैठक द्यावी. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ४३ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे प्रत्येकी ३० ग्रॅम पिठाच्या दोन पोळ्यांइतकी. राजगिऱ्याची लहान भाकरी, दही, काकडी आणि मूठभर शेंगदाणे हे ताट बरे. हरतालिकेचा निर्जळी उपास किंवा रमजानचे रोजे धरायचे असतील, तर डॉक्टरांना बरेच दिवस आधी विचारावे आणि शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास उपास सोडावा. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) असलेल्या बाईने जेवण टळले म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे जिवावर बेतू शकते. लग्न ठरताना आजार लपवलेल्या मुली सासरी नेमके हेच करतात. त्यांच्याशी गटाबाहेर, एकेकटीशी बोलावे.

गरोदरपणातला मधुमेह बाळंतपणानंतर विसरला जातो. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची शुगर तपासणी व्हायला हवी. बाळाची सहाव्या आठवड्याची लसही तेव्हाच असते, म्हणून सखीने दोन्ही तारखा एकाच कागदावर लिहून द्याव्यात. पुढे दरवर्षी शुगर तपासावी.

गट मोडतो तो बहुधा विक्रीमुळे. कोणी जांभळाच्या बियांची पूड आणते, कोणी ‘गोळ्या सुटतील’ म्हणते आणि दोघी-तिघी औषध थांबवतात. विक्रीला पहिल्याच दिवशी बंदी हवी. दुसरे कारण म्हणजे सगळा भार एकाच सखीवर पडणे. सुरुवातीपासून दोघी असाव्यात.

काही गोष्टी बैठकीपर्यंत थांबवू नयेत. शुगर खूप वाढून उलट्या होणे, श्वास जोरात चालणे, अचानक दम लागणे किंवा जबडा-पाठ दुखून घाम येणे, पायाची जखम काळी पडणे: यांत लगेच रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्या बाईने पाय धुऊन, कोरडे करून बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) प्रतिबंधक गोळ्यांसाठी २४ ते ७२ तासांत पालिकेच्या दवाखान्यात जावे. पायाला जखम असेल तर त्याच दिवशी.